स्मार्ट उपकरणं पुन्हा पुन्हा ऑफलाइन जातायत? रीसेट करण्याआधी हे तपासा

बल्ब ॲपमध्ये करडा पडतो. दाराचा सेन्सर रात्रीतून गप्प होतो. प्लग फोनवरून हलत नाही, पण हाताने दाबला की मुकाट चालतो. मग उपकरण रीसेट करायचं, नव्याने जोडायचं, आणि आठ-पंधरा दिवस सगळं सुरळीत. त्यानंतर पुन्हा तेच, आणि बहुतेक वेळा तेच उपकरण.

रीसेट केल्यावर बरं का वाटतं, याला कारण आहे. नव्याने जोडताना उपकरण त्या घटकेला जो चांगला मार्ग मिळेल तो धरतं, राउटरकडून नेटवर्कवरचा नवा पत्ता घेतं, अडकलेली जुनी नोंद पुसली जाते. लक्षण जातं आणि त्याच्यासोबत पुरावाही जातो. मूळ कारण तिथंच असतं, म्हणून दुखणं परत येतं. माझं मत स्पष्ट आहे: वारंवार ऑफलाइन जाणाऱ्या उपकरणांपैकी खरोखर बिघडलेली थोडीच असतात. बाकीच्यांच्या बाबतीत एक तर दोन रेडिओ (म्हणजे वाय-फाय, झिग्बी यांसारखी बिनतारी तंत्रज्ञानं) एकाच जागेत भांडत असतात, नाही तर त्या कामाला तो रेडिओच योग्य नसतो. पहिल्यावर उपाय सेटिंगमध्ये आहे. दुसऱ्यावर उपाय म्हणजे तंत्रज्ञान बदलणं. यातलं आपलं कोणतं, ते आधी ठरवायला हवं.

म्हणून पुढच्या वेळी काही ऑफलाइन गेलं की लगेच हात लावू नका. दोन गोष्टी लिहून ठेवा: किती वाजता गेलं, आणि त्याच्यासोबत आणखी कोण कोण गेलं.

कोण कोण एकत्र जातं?

सगळंच एकदम गेलं तर रेडिओचा विचार तूर्त बाजूला ठेवा. संशय हबवर (स्मार्ट उपकरणांना एकत्र जोडणारा डबा), राउटरवर किंवा इंटरनेटवर घ्या. यासाठी एक सोपी चाचणी आहे. राउटर चालू ठेवा, फक्त बाहेरून इंटरनेट आणणारी वायर काढा, आणि घरातल्याच वाय-फायवरून एक-एक उपकरण चालवून पाहा. जी चालली ती स्थानिक पातळीवर बोलतात. जी मेली त्यांचा प्रत्येक हुकूम बाहेरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येतो. अशा उपकरणाचा सिग्नल कितीही छान असला, तरी ते अधूनमधून गळणारच. तिथं चॅनेल (रेडिओच्या पट्ट्यातला छोटा भाग) बदलण्यात वेळ घालवू नका.

फक्त वाय-फायवाली गेली तर राउटर पाहा. घराच्या एका कोपऱ्यातली फक्त बॅटरीवाली गेली तर तिथला मेश, म्हणजे एकमेकांचे निरोप पुढे पोचवणाऱ्या उपकरणांचं जाळं, तुटलाय. नेहमी एकच एक उपकरण जात असेल तर बॅटरी, अंतर आणि आजूबाजूचं धातू या क्रमाने तपासा. धातूच्या कपाटामागे, मोठ्या आरशाच्या पाठीमागे किंवा भरलेल्या पाण्याच्या टाकीपलीकडे ठेवलेला सेन्सर रडणारच; २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी धातूवरून परततात आणि पाण्यात शोषल्या जातात.

वेळेचा नमुनाही बोलका असतो. दर तासाला ठरल्यासारखं काही गळत असेल तर राउटरमधली ‘ग्रुप की’ (वाय-फायवरच्या सगळ्या उपकरणांची सामाईक गुप्त किल्ली) बदलण्याची मुदत पाहा. अनेक राउटरांत ती ३६०० सेकंद असते, आणि स्वस्तातल्या चिप तो बदल नीट पचवत नाहीत. दिवसातून एकदा, साधारण त्याच वेळी गळत असेल तर राउटरने दिलेल्या पत्त्याची मुदत किंवा राउटरचा रात्रीचा आपोआप रीस्टार्ट. संध्याकाळीच गळत असेल तर आजूबाजूचे सगळे त्या वेळी घरी येऊन आपापलं वाय-फाय वापरत असतात. आणि काही मिनिटांपुरतंच, स्वयंपाकाच्या वेळी गळत असेल तर मायक्रोवेव्ह: तो २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालतो आणि जुन्या ओव्हनच्या दारातून थोडी गळती होतेच. माणसाला ती बाधत नाही, सेन्सरला बाधते.

वाय-फायवरची उपकरणं

स्वस्त स्मार्ट प्लग आणि बल्बांत बहुतेक वेळा फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ समजणारी चिप असते. राउटर मात्र २.४ आणि ५ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतो आणि कुणी कुठं बसायचं ते स्वतः ठरवतो. फोनला हे सोयीचं आहे. प्लगला ते गोंधळात टाकतं, कारण राउटर त्याला ५ वर ढकलू पाहतो आणि तिकडे त्याला जाताच येत नाही. जोडणीच अर्ध्यावर अडकत असेल तर पहिला उपाय हाच: २.४ ला वेगळं नाव द्या, किंवा राउटरमध्ये वेगळं ‘आयओटी’ (स्मार्ट उपकरणांसाठीचं) नेटवर्क देण्याची सोय असेल तर ती वापरा. त्याची सुरक्षा डब्ल्यूपीए२ या जुन्या वाय-फाय सुरक्षा मानकावर ठेवा. जुन्या चिपांना नवं डब्ल्यूपीए३ कळत नाही, आणि दोन्हींच्या मिश्र पर्यायावरही त्यांतल्या काही अडखळतात.

एक सावधगिरी. उपकरणं पाहुण्यांच्या नेटवर्कवर टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. सुरक्षेच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे, पण तिथं बहुधा उपकरणांना एकमेकांशी बोलण्याची बंदी असते. मग फोन मुख्य नेटवर्कवर, बल्ब पाहुण्यांकडे, आणि ॲप म्हणतं उपकरण सापडत नाही. घरात एकामागे एक असे दोन राउटर लावलेले असतील आणि दोघेही पत्ते वाटत असतील, तरी लक्षण हुबेहूब हेच दिसतं. त्यातल्या एकाला ॲक्सेस पॉइंटच्या मोडमध्ये टाका, म्हणजे तो पत्ते न वाटता फक्त वाय-फाय पुरवेल.

पत्त्यांची गोष्ट फारसं कुणी तपासत नाही. राउटर प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीचा पत्ता देतो. वाटायच्या पत्त्यांची मर्यादा काही राउटरांत कमी ठेवलेली असते. त्यात हल्लीचे काही फोन खासगीपणासाठी आपली ओळख बदलतात, म्हणजे एकच फोन कालांतराने अनेक पत्ते अडवून बसू शकतो. पत्ते संपले की ज्या उपकरणाची मुदत सरून गेली आहे किंवा जे नव्याने जोडू पाहतंय, त्याला पत्ताच मिळत नाही. राउटरच्या पानावर वाटपाची मर्यादा वाढवा आणि स्मार्ट उपकरणांना कायमचे पत्ते राखून ठेवा.

सिग्नलची ताकद पाहायची असेल तर राउटरच्या यादीत प्रत्येक उपकरणासमोर ऋण आकडा असतो. उणे ५० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं एकक) म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत काळजी नाही. उणे ७५ च्या खाली गेलेलं उपकरण आज चालेल, उद्या दार बंद असेल तेव्हा चालणार नाही. फोनवर दिसणाऱ्या पट्ट्यांवरून अंदाज बांधू नका. फोनचा अँटेना प्लगमधल्या नखाएवढ्या अँटेनापेक्षा कितीतरी चांगला असतो.

मेश राउटर, म्हणजे घरभर ठेवलेल्या अनेक नोडांचा (छोट्या राउटरांचा) संच, असेल तर आणखी एक खोड असते. वीज जाऊन आली की दूरचा नोड आधी चालू होतो, उपकरण त्याला चिकटतं आणि जवळचा नोड उठला तरी तिथून हलत नाही. हलणाऱ्या वस्तूंसाठी बनवलेली जलद स्थलांतराची सेटिंग स्थिर उपकरणांना उलट त्रास देते, तीही बंद करून पाहावी. काही राउटरांत उपकरण ठरावीक नोडला बांधून ठेवता येतं. तसं असेल तर जरूर बांधा.

झिग्बी: इथं सगळ्यात जास्त गफलत होते

झिग्बी हे स्मार्ट उपकरणांसाठीचं, कमी विजेवर चालणारं बिनतारी तंत्रज्ञान. ते आयईईई ८०२.१५.४ या मानकावर चालतं, वेग २५० किलोबिट प्रतिसेकंद, आणि पट्टा वाय-फायचाच, म्हणजे २.४ गिगाहर्ट्‌झ. भांडणाचं मूळ इथंच. वाय-फायचा राउटर त्याच्या कितीतरी पट जोराने बोलतो. ढोल वाजत असताना शेजारी बसून कुजबुजावं, तशी झिग्बीची गत होते.

झिग्बीची चॅनेलं ११ ते २६ अशी मोजली जातात, वाय-फायची १ पासून. दोन्हीकडे ११ हा आकडा दिसतो म्हणून लोक ते एकच समजतात. तसं नाही. झिग्बीचं ११ म्हणजे २४०५ मेगाहर्ट्‌झ, ते वाय-फायच्या १ खाली येतं. वाय-फायचं १ हे झिग्बीच्या ११ ते १४ वर बसतं, ६ हे १६ ते १९ वर, आणि ११ हे २१ ते २४ वर. मधल्या फटींत उरतात १५ आणि २०, आणि वरच्या टोकाला २५ आणि २६. त्यातलं २६ टाळा. अनेक उपकरणं तिथं कमी ताकदीने बोलतात, काही तर बोलतच नाहीत.

म्हणजे आपलं वाय-फाय १ वर असेल तर झिग्बी २० किंवा २५ वर न्या. वाय-फाय ११ वर असेल तर झिग्बी ११ किंवा १५ वर. पण ही मांडणी दोन अटींवर टिकते. पहिली अट, वाय-फायच्या २.४ पट्ट्याची रुंदी २० मेगाहर्ट्‌झच हवी. ४० केली की सगळा पट्टा जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्‌झचा असल्यामुळे जवळपास अर्धा एकट्या राउटरने खाल्ला. वेग हवा असेल तर त्यासाठी ५ गिगाहर्ट्‌झ आहे. दुसरी अट, वाय-फायचं चॅनेल ‘ऑटो’वर नको. ऑटोवरचा राउटर रीस्टार्ट झाला की चॅनेल बदलतो आणि नेमका झिग्बीच्या डोक्यावर येऊन बसतो. ‘आठवडाभर चालतं, मग बंद पडतं’ या तक्रारीचं हे एक अतिशय नेहमीचं उत्तर आहे, आणि गंमत म्हणजे राउटर पुन्हा रीस्टार्ट केला की ते कधीकधी सुटतंही. त्यामुळे दोष राउटरच्या ‘हँग’ होण्यावर ढकलला जातो.

संगणकाला यूएसबी डोंगल (पेनड्राइव्हसारखं रेडिओचं उपकरण) लावून झिग्बी चालवत असाल तर ते डोंगल कोणत्या पोर्टात आहे ते बघा. निळ्या रंगाचं यूएसबी ३.० पोर्ट आणि त्याला जोडलेली हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट पसरवतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केलं होतं. उपाय साधा आहे: डोंगल यूएसबी २.० पोर्टात लावा आणि मध्ये एक-दोन मीटरची एक्स्टेन्शन केबल टाकून ते संगणकापासून आणि राउटरपासून लांब ठेवा. सेन्सर दूर गेल्यामुळे नव्हे, तर डोंगललाच ऐकू येत नसल्यामुळे अनेक घरांत ‘रेंज’ कमी भासते. हबलाही हेच लागू आहे. राउटरवर हब ठेवणं दिसायला नीटनेटकं असतं, रेडिओच्या दृष्टीने ती सगळ्यात वाईट जागा.

आता मेश. झिग्बीत विजेवर चालणारी उपकरणं, म्हणजे प्लग, न्यूट्रल वायर लागणारे स्विच, बरेचसे बल्ब, इतरांचे निरोप पुढे पोचवतात. बॅटरीवाली पोचवत नाहीत. ती झोपतात आणि जागी झाली की आपल्या एकाच पालक उपकरणाशी बोलतात. म्हणून घरात वीस बॅटरी सेन्सर आणि एकही प्लग नसेल तर तो मेश नव्हेच, सगळा भार हबवर. न्यूट्रलशिवाय चालणारे स्विच भिंतीत बसवलेले असले तरी सहसा निरोप पोचवत नाहीत, हे विकत घेताना विचारायचं राहून जातं.

आणि मग तो बल्ब. दिवसभर पालकाचं काम इमानाने करणारा बल्ब कुणीतरी भिंतीवरच्या बटणाने बंद करतं. त्याच्या आधारावर असलेला दाराचा सेन्सर अनाथ. काही सेन्सर लगेच दुसरा पालक शोधतात, काही हट्टाने जुन्याचीच वाट पाहत बसतात आणि बॅटरी संपवतात. रात्री दिवे मालवल्यावर सेन्सर जात असतील तर दुसरं कारण शोधूच नका. एक तर बल्बांची वीज कायम चालू ठेवून वायरलेस बटणाने ते चालवा, किंवा बल्ब साधे ठेवून स्विच स्मार्ट करा. माणसं भिंतीवरचं बटण दाबणारच, त्यांना शिस्त लावायच्या भानगडीत पडू नये. दुसरा मार्ग टिकतो.

कोपरा दुबळा असेल तर हब आणि तो कोपरा यांच्या साधारण मध्यावर एक प्लग लावा. थेट कोपऱ्यात लावलात तर त्या प्लगलाच हब ऐकू येणार नाही. नंतर सेन्सर त्याच्या कायमच्या जागेवर ठेवूनच पुन्हा जोडा. हबशेजारी जोडून मग नेलेला सेन्सर हबलाच धरून बसण्याची शक्यता असते.

थ्रेड आणि मॅटर

पाकिटावर मॅटर लिहिलंय, तरी अडचण येते, अशी तक्रार वाढली आहे. मॅटर हा रेडिओ नाही, ती उपकरणांची सामाईक भाषा आहे. २०२२ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली. ती काढणारी कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्‌स अलायन्स ही पूर्वीची झिग्बी अलायन्सच. ही भाषा वाय-फाय, इथरनेट (वायरचं नेटवर्क) किंवा थ्रेड या झिग्बीसारख्या मेशवरून बोलली जाते, आणि पहिल्यांदा जोडताना बहुधा ब्लूटूथ वापरलं जातं. त्यामुळे मॅटरचा प्लग वाय-फायवाला असेल तर त्याच्या व्याधी वाय-फायच्याच, थ्रेडवाला असेल तर वेगळ्या. पाकिटावर दोन्हीपैकी काय आहे ते शोधा.

थ्रेडचा रेडिओ झिग्बीचाच, ८०२.१५.४, म्हणून चॅनेल, यूएसबी आणि मायक्रोवेव्हबद्दल वर सांगितलेलं इथंही लागू. फरक असा की थ्रेडमध्ये प्रत्येक उपकरणाला आयपीव्ही६ (इंटरनेटच्या नव्या पद्धतीचा) पत्ता असतो आणि घरच्या नेटवर्कशी गाठ घालायला बॉर्डर राउटर लागतो. तो स्पीकरमध्ये, टीव्हीच्या डब्यात किंवा हबमध्ये दडलेला असतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे बॉर्डर राउटर घरात असतील तर ते बऱ्याचदा दोन स्वतंत्र थ्रेड नेटवर्क उभारतात. मग दहा उपकरणांचा एक घट्ट मेश होण्याऐवजी पाच-पाचांचे दोन विरळ मेश होतात आणि दोन्हींत भोकं राहतात. २०२४ च्या थ्रेड १.४ मध्ये दुसऱ्याच्या नेटवर्कात सामील होण्याची ठरावीक पद्धत आली, पण जुन्या उपकरणांना ती अपडेटशिवाय मिळत नाही. तोवर एकाच कंपनीचे बॉर्डर राउटर ठेवणं शहाणपणाचं.

थ्रेड उपकरण जोडलं जातं आणि थोड्या वेळाने ‘प्रतिसाद नाही’ दाखवतं, अशा वेळी घरच्या राउटरमध्ये आयपीव्ही६ बंद केलेलं नाही ना ते बघा. मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेकांना जाणारा निरोप, अडवणारी एखादी ‘सुधारणा’ चालू असेल तर तीही बंद करा. उपकरणं एकमेकांना शोधतात ती मल्टिकास्टवरूनच.

कधी दुरुस्ती सोडून तंत्रज्ञान बदलावं

वरचं सगळं करूनही तेच उपकरण जात असेल तर प्रश्न निवडीचा आहे. निवडताना ब्रँडच्या आधी वीज कुठून येते ते बघा. गोल नाण्यासारखा सीआर२०३२ सेल थोडे मिलिअँपिअर देण्यासाठी असतो. वाय-फाय चिप बोलताना शंभर-दोनशे मिलिअँपिअर ओढते. म्हणून वाय-फायचा बॅटरीवरचा दार-सेन्सर एक तर मोठी बॅटरी घेतो किंवा बराच वेळ झोपून राहतो, आणि झोपलेल्याला ॲप ऑफलाइन म्हणतं. बॅटरीवर चालेल ते झिग्बी, थ्रेड किंवा झेड-वेव्ह या आणखी एका बिनतारी मेशवर घ्या. उलट कॅमेऱ्याला २५० किलोबिटमध्ये काहीच करता येत नाही, त्याला वाय-फायच लागतं, आणि जमलं तर वायर. टीव्ही, संगणक, हब यांसारख्या न हलणाऱ्या वस्तूंना इथरनेटची वायर दिलीत तर २.४ चा पट्टा तेवढा मोकळा होतो.

शेजारी खूप, भिंती जाड, आणि २.४ मध्ये कुठंच शांतता नाही, अशा ठिकाणी झेड-वेव्ह विचारात घ्यावं. ते १ गिगाहर्ट्‌झच्या खाली चालतं, त्यामुळे वाय-फायशी भांडण नाही आणि भिंतीतूनही बरं जातं. पण त्याची वारंवारता प्रदेशानुसार वेगळी: भारतात ८६५.२ मेगाहर्ट्‌झ, युरोपात ८६८.४, अमेरिकेत ९०८.४. परदेशातून आणलेलं, वेगळ्या वारंवारतेवर चालणारं उपकरण इथल्या हबला दिसणार नाही, कितीही रीसेट करा. नेहमीच्या झेड-वेव्हमध्ये एका नेटवर्कात २३२ उपकरणांची मर्यादा आहे, ती घरात सहसा आड येत नाही. निवड मर्यादित आणि महाग, ही खरी अडचण.

ब्लूटूथ थेट फोनशी बोलणाऱ्या वस्तूंना ठीक. फोन घराबाहेर गेला की ते उपकरण ‘ऑफलाइन’ होणं हा बिघाड नव्हे, ते तसंच बनवलेलं असतं. बाहेरून चालवायचं असेल तर गेटवे, म्हणजे ब्लूटूथला घरच्या नेटवर्कशी जोडणारा डबा, घ्यावा लागेल.

वाय-फायवर किती उपकरणं चालतात, याला एक आकडा नाही. राउटरच्या पाकिटावरचा आकडा जास्तीत जास्त जोडण्यांचा असतो, तो नीट चालण्याचा नसतो. पाच-दहा प्लगांसाठी वेगळं हब घेण्यात अर्थ नाही. दिवे, सेन्सर, पडदे मिळून संख्या तीस-चाळीसकडे निघाली असेल तर दिवे-सेन्सर मेशवर हलवा आणि वाय-फाय कॅमेरे-फोनांना मोकळं ठेवा. सगळं घर एकाच तंत्रज्ञानावर आणण्याचा अट्टहास मात्र नको. हब एकाहून अधिक रेडिओ समजणारा असला की पुरे.

दाराचं कुलूप हा अपवाद. ते कोणत्याही रेडिओवर असो, किल्लीने किंवा आकड्यांच्या पॅडने, इंटरनेट आणि हब दोन्ही बंद असताना उघडलं पाहिजे. उघडत नसेल तर ते परत करा.

बदल करताना एका वेळी एकच करा आणि मध्ये काही दिवस जाऊ द्या. आधी वाय-फायची रुंदी २० आणि चॅनेल पक्कं, मग डोंगल किंवा हबची जागा, मग मध्यावरचा प्लग, आणि झिग्बीचं चॅनेल सगळ्यात शेवटी. ते बदललं की विजेवरची उपकरणं बहुधा आपणहून नव्या चॅनेलवर येतात. झोपलेले सेन्सर मात्र जुन्याच चॅनेलवर हाका मारत बसतात. प्रत्येकाचं छोटं बटण एकदा दाबून त्याला जागं करा, तासभर थांबा, आणि तरीही न आलेल्यांनाच फक्त नव्याने जोडा. हबमधून त्यांची जुनी नोंद न पुसता जोडलंत तर नावं आणि त्यांवर बांधलेली ऑटोमेशनं बऱ्याच हबमध्ये तशीच राहतात.